कंपनीची चूक जशीच्या तशी

आधी सांगून टाकते, मला अजून राग आहे. कंपनीचा आहे, कॉलेजातल्या एका सरांचा आहे, आणि स्वतःचा तर आहेच. त्यातला कोणता जास्त, ते वाचून तुम्हीच ठरवा.

कंपनीनं काय केलं ते ऐका. तिचं एक सॉफ्टवेअर होतं, ज्यात साध्या माणसाला आपल्या कामापुरता प्रोग्राम लिहिता यायचा. आज्ञा थोड्या, मराठी अक्षरं चालायची, जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवरही उघडायचं. कित्येक वर्षं कंपनीनं ते फुकट वाटलं. शाळांत वाटलं, बचत गटांच्या प्रशिक्षणात वाटलं. अमरावतीच्या क्लासेसनी त्याचे कोर्स काढले. लोकांनी त्यात शाळेच्या हजेरीचे, वाचनालयाच्या पुस्तकांचे, पाण्याच्या पाळीचे प्रोग्राम लिहिले. सगळ्यांचं सगळं त्यात जाऊन बसल्यावर एक दिवस सूचना आली : जुनं सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी बंद होईल. नवीन फक्त इंटरनेटवर, दरमहा भाडं भरून. 'तुम्ही लिहिलेला प्रोग्राम तुमचाच राहील' असं त्या सूचनेत ठळक अक्षरांत होतं. म्हणजे साडी तुमची, पण नेसायची आमच्या दुकानात येऊन.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. अमरावतीत विद्यापीठाच्या फाटकावर, क्लासेसच्या गल्लीत, बसस्टँडवर उभी राहून वाटायचे. फीवर लिहिलं, वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, मग या सूचनेवर लिहिलं. शिक्षण कॉम्प्युटरचंच झालं होतं, त्यामुळे कुठे दुखतं ते नेमकं माहीत होतं. पत्रक बरंच फिरलं. खाली माझा फोन नंबर होता. दोन दिवसांनी अकोल्याहून फोन आला.

"पत्रक झक्कास हाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "पन ते वाचून कोनाचा प्रोग्राम चालनार हाय का?"

"मग काय करायचं?"

"दुसरं बनवायचं. आज्ञा त्याच, उत्तरं तेच. लोकाईनं आपला जुना प्रोग्राम उचलून त्यात ठेवला की चालला पायजे. अन् सगळं उघडं ठेवायचं, कोनालेही आत पाहता आलं पायजे, बदलता आलं पायजे."

हे दादा. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीचे, पोटावर चष्मा लटकवून फिरणारे. त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी पहिल्या चहालाच सांगून टाकलं की ते आधी पुण्याला याच कंपनीत होते आणि ते सॉफ्टवेअर त्यांनी आतून, म्हणजे ज्या ओळींनी ते बनलं त्या ओळींसकट पाहिलेलं आहे.

मी कप खाली ठेवला. आतून पाहिलेल्या माणसानं आपल्यासाठी एक ओळ जरी लिहिली, तरी कंपनी उद्या कोर्टात म्हणणार, चोरलं. अशा कामात जगभर एक रीत पाळतात : ज्यानं मूळ आतून पाहिलं, त्यानं नवीन लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याला आतलं सांगायचंही नाही. मला कागद करायची भारी हौस. घरी येऊन मी टाइप केलं, 'आतून पाहिलेलं काहीही, कोणत्याही प्रकारे, कोणालाही सांगणार नाही', आणि पुढच्या खेपेला दादांची सही घेतली.

"म्हंजे मी सुईन," दादा सही करता करता म्हणाले, "पन हात लावायचा नाई."

माझा दुसरा पराक्रम त्याच महिन्यातला. अमरावतीत एका हॉलमध्ये सभा होती. मी लॅपटॉप पडद्याला जोडला आणि सगळ्यांसमोर कंपनीचं सॉफ्टवेअर माझ्या मशीनवरून पुसून टाकलं. ती निळी पट्टी सरकत सरकत संपली तशा टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी शिट्टीही मारली. त्या टाळ्यांसाठी मी पुढे काय मोजलं ते येईलच.

आता लिहायला बसलो. आम्ही तिघी, क्लासमधल्या दोन मैत्रिणी आणि मी. मूळ सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून कंपनीचं छापील पुस्तक समोर ठेवलं. जाडजूड, इंग्रजी. पुस्तकात आज्ञा कशी वागते ते वाचायचं आणि तशी वागणारी आपली आज्ञा लिहायची. ऐकायला सोपं आहे. एक आज्ञा पुरी झाली की तिच्या पोटातून तीन निघायच्या. एकाच आज्ञेबद्दल पुस्तकाच्या एका पानावर एक, दुसऱ्या पानावर दुसरं. घर स्वतःच्या मनानं बांधणं सोपं. दुसऱ्याच्या घराची अशी नक्कल बांधायची की त्याच्या माणसांनी अंधारात चालावं आणि कुठे ठेच लागू नये, हे अवघड. वर ते घर बघायचंही नाही!

कॉलेजातले एक सर रस्त्यात भेटले. "बेटा, फुकटची गोष्ट कोणी वापरत नाही," म्हणाले. "कंपनीचं सर्टिफिकेट घे, पुण्यात लागशील." त्यांच्या खांद्याला कंपनीनंच वाटलेली बॅग होती, फुकटची. मी बॅगेकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या बोलण्यामुळेच तुझं कुठे जमत नाही.

मग तो वाराचा प्रश्न आला. एक आज्ञा होती : तारीख दिली की वाराचा आकडा द्यायची. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं, रविवार एक, सोमवार दोन, असं करत शनिवार सात. आम्ही तसंच केलं. आमचं अर्धवट सॉफ्टवेअर वापरून पाहणाऱ्या वाचनालयातल्या एका गृहस्थांनी कळवलं की मूळ सॉफ्टवेअरमध्ये रविवारला शून्य येतं. मी दादांना फोन लावला.

"पुस्तकात एक आहे," मी म्हटलं. "कंपनीनं पुस्तकात एक लिहायचं आणि द्यायचं शून्य, तर ती त्यांची चूक. कंपनीच्या चुका आपण डोक्यावर घ्यायच्या नाहीत. आपलं बरोबर असलं पाहिजे."

दादांनी आधी दुकानातलं गिऱ्हाइक वाटेला लावलं. मग म्हणाले, "आधी जुन्यावर चालवून पाय."

"ते मी माझ्या मशीनवर परत घालणार नाही."

"बरं."

त्या 'बरं'ला मी होकार समजले. एवढंच नाही, मी त्यावर पत्रकही काढलं : 'कंपनीला वार मोजता येत नाहीत!'

आता वहिनींबद्दल. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका माळ्याच्या घरातली ही सून. शहराबाहेर त्यांची वावरं : मेथी, पालक, वांगी, झेंडू. आसपासच्या तीस घरांनी मिळून एक गाडी लावलेली. ती रोज ठरलेल्या घरांकडे जाते, माल उचलते, बाजारात टाकते. आधी ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा भाजीचा, फुलांचा तोडा करायचा. गाडीत एक दिवस जागा नसायची, एक दिवस मालच नसायचा. वहिनी बचत गटाच्या प्रशिक्षणात ते सॉफ्टवेअर शिकल्या आणि त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. घरांनी आपापला माल किती ते कळवायचं, आणि दुपारी बारा वाजता तो उद्याचा वार पाहतो आणि त्या वाराच्या घरांना फोनवर निरोप धाडतो : उद्या मेथी तोडा, उद्या झेंडू. सणावाराला, लग्नसराईत वहिनी दिवस फिरवतात, त्यामुळे घरं कॅलेंडर पाहत नाहीत, निरोप पाहतात. चार वर्षं. पहिल्या वर्षी पुरुषांनी हसून घेतलं, सासूबाईंनी तर 'मोबाइलवर शेती होते का' म्हणून गल्लीभर सांगितलं. आता तीस घरं सुनेच्या शब्दावर विळा उचलत होती. सॉफ्टवेअर बंद पडलं असतं तर गाडीचं काहीतरी जमवता आलंच असतं. जाणार होता तो वहिनींचा शब्द.

दादांनी त्यांना माझ्याकडे आणलं. एका सोमवारी सकाळी मी अकोल्याला जाऊन वहिनींच्या कॉम्प्युटरवर आमचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यांचा प्रोग्राम त्यात ठेवला. चालला! एक अक्षर न बदलता. मला रडूच येणार होतं.

"ताई, दोन्ही सोबत चालवू का थोडे दिवस?" वहिनींनी विचारलं.

"नको. जुनं बंद ठेवा. नाहीतर सवय सुटत नाही," मी म्हटलं. पत्रकात शोभावं असं वाक्य. माणसाला सांगायला दगड.

बारा वाजता निरोप गेले, मी दुपारच्या गाडीनं अमरावतीला परत.

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन. आवाज अगदी खाली. "ताई, या."

गाडी जिथे गेली तिथे तोडा नव्हता, आणि तोडा होता तिथे गाडी नव्हती. मंगळवारच्या घरांना निरोपच गेला नव्हता. बुधवारच्या घरांना एक दिवस आधी गेला होता. त्यांनी पहाटे उठून मेथी कापली, झेंडू तोडला, आणि ती घरं गाडीची वाट पाहत बसली. वहिनींच्या यादीत बुधवार म्हणजे तीन. आमच्या शहाण्या सॉफ्टवेअरनं मंगळवारलाच तीन म्हटलं.

मी पोचले तेव्हा अंगणात ओल्या पोत्यांखाली मेथी होती, कडा पिवळ्या पडायला लागलेल्या. झेंडूचा ढीग खालून काळवंडलेला. गाडीवाल्यानं पुन्हा फेरी मारायला नकार दिला होता, त्याची बाकीची घरं ठरलेली. सासूबाई पेंढ्या सोडून गाईपुढे टाकत होत्या.

"ये वं, ये," त्या म्हणाल्या. "हे पाय तुह्यं सोतंत्र सॉफ्टवेअर. गाईले लय आवडलं."

दारात दोन बाया उभ्या होत्या, बुधवारच्या घरांतल्या. त्या माझ्याशी नाही, वहिनींशी बोलत होत्या. "तुले सांगता येत नसन तं सांगत जाऊ नको. आमी आमचं पाहून घेऊ." वहिनींनी मान खाली घातली. चार वर्षांत पहिल्यांदा, हे मला सासूबाईंनीच नंतर सांगितलं.

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "वहिनी, चूक आमची नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की रविवार..."

"पुस्तक कोनं पाह्यलं?" वहिनी एकदम उसळल्या. "इंग्रजी हाय ते. मी कधी उघडलंच नाई. मी रविवारी इचारलं, त्यानं शून्य सांगतलं. सोमवारी इचारलं, एक सांगतलं. सात दिवस रोज इचारून लेकीच्या पाटीवर लेहून घेतलं. मले जे सांगतलं त्यावर मी प्रोग्राम लेहला. चूक त्याहीची असन, ताई. तोडा आमचा होता."

वहिनींनी आमचं बंद करून जुनं चालू केलेलं होतं. ते बंद व्हायला अकरा दिवस उरले होते.

"मी भाडं भरतो त्या कंपनीले," वहिनी म्हणाल्या. "निदान बुधवारले बुधवार म्हनते ते. अकरा दिवसात तुमी दाखवलं तं दाखवलं. नाई तं राह्यलं."

तिथून तडक जठारपेठेत. दादा एका प्रिंटरचं पोट उघडून बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"हो," स्क्रू फिरवत ते म्हणाले.

"मग सांगितलं काहून नाही?" चिडले की मीही घरच्या बोलीवर येते.

त्यांनी टेबलाचा खण ओढला, माझाच कागद काढून पुढे सरकवला. "वाच. 'काहीही, कोणत्याही प्रकारे, कोणालाही.' लेहलं कोनं? सही कोनाकडून घेतली?"

"इशारा तरी द्यायचा."

"देल्ला ना. जुन्यावर चालवून पाय म्हनलं. त्याच्या पुढे एक शब्द बोललो असतो तं तुह्यं अख्खं सॉफ्टवेअर गेलं असतं. तू तवा टाळ्या घेऊन राह्यली होती."

मी स्टुलावर बसले. राग कोणावर काढायचा तेच कळेना. कागद बरोबर होता, तो अजूनही बरोबर आहे. पण कसला हा कायदा, ज्यात एका माणसाला 'रविवारी शून्य येतं' एवढं सांगायची चोरी? जे वहिनींनी पाटीवर लिहून घेतलं, जे कोणालाही विचारून कळतं, ते याला गिळून बसावं लागतं! आणि कसली ही मी, जिनं विचारण्याचा रस्ताच सभेत पुसून टाकला, कारण विचारणं मला बाटणं वाटलं?

"सांगू मी शकत नाई," दादा म्हणाले, आता जरा नरमून. "पन मशीन सांगते ना. अजून अकरा दिवस."

दुसऱ्या दिवसापासून मी वहिनींच्या ओसरीवर. काम असं : वहिनी जुन्या सॉफ्टवेअरला प्रश्न घालणार, ते उत्तर देणार, मी वहीत दोन्ही लिहून घेणार. कंपनीच्या अटींत एक कलम होतं, की या सॉफ्टवेअरचा उपयोग तसंच दुसरं बनवण्यासाठी करू नये. मी ते वहिनींना मराठीत वाचून दाखवलं, लपवलं नाही.

"मी माह्याच प्रोग्रामले इचारून राहिली, माह्याच घरात," त्या म्हणाल्या. "पाहू कोन येते."

दादा अकोल्यातल्या अकोल्यात, म्हणून रोज यायचे, पण आत यायचे नाहीत. बाहेर पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मी एकदा एका विचित्र उत्तरावर त्यांच्याकडे पाहिलं, तर हातानं चेहरा झाकून म्हणाले, "माह्यं तोंड पाहू नको. तोंडावरूनही कळते." सासूबाई त्यांना पायरीवरच चहा नेऊन द्यायच्या. "यानं काय पाप केलं?" म्हणून विचारायच्या.

तिसऱ्या दिवशी बुधवारच्या घरांतल्या त्या दोघी आल्या. भांडायला नाही. एकीनं विचारलं, "आमी दोन्ही वावरांतलं सोबत सांगतलं तं काय करते ते?" तिचा प्रश्न घातला, उत्तर लिहिलं. मग दुसरीचा. बातमी पसरली, आणि रोज कोणी ना कोणी आपापली अडचण घेऊन यायला लागली. माझ्या पुस्तकात यातला एकही प्रश्न नव्हता. एखाद्या घरानं काहीच कळवलं नाही आणि रकाना रिकामा राहिला, तर जुनं सॉफ्टवेअर त्याला मुकाट शून्य धरून पुढे जायचं. आमचं तिथे थांबायचं, 'माहिती अपुरी' म्हणून. मला वाटायचं थांबणं हा प्रामाणिकपणा.

"एका घरानं नाई सांगतलं तं एकोणतीस घरांनी वाट पाह्याची?" वहिनी म्हणाल्या.

"पण रिकामं म्हणजे शून्य नव्हे, वहिनी. चुकीचं आहे ते."

"मंग तुले जे ओरडायचं ते एका कोपऱ्यात ओरड. निरोप जाऊ दे." अकरा दिवसांत त्या 'तुमी'वरून 'तू'वर आल्या होत्या.

तसंच केलं. इशारा कोपऱ्यात, निरोप चालू. साडेतीन कॅरेट, म्हणजे भाजीचे क्रेट, असले तर जुनं तीन सांगायचं, आम्ही चार. तेही त्याचं तसं केलं. आणि वाराच्या आज्ञेत रविवार शून्य केला. माझ्या हातानं. शेजारी टीप लिहिली : 'पुस्तकाप्रमाणे हे चूक आहे. मूळ सॉफ्टवेअर असंच वागतं. कोणीही दुरुस्त करू नये.' आयुष्यात इतकी पत्रकं लिहिली, पण चुकीच्या बाजूनं लिहिलेलं हे पहिलंच. 'कंपनीला वार मोजता येत नाहीत' या पोरकट पत्रकाचा उरलेला गठ्ठा मी रद्दीत घातला.

शेवटचे चार दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालवली. निरोप जुन्याचेच जायचे, आमचे नुसते पडद्यावर ताडून बघायचो. पहिल्या दिवशी एक फरक निघाला, नंतर नाही.

आमच्या अकरा दिवसांत जे विचारून झालं नाही, ते कायमचं गेलं, हेही लिहून ठेवते. आजही लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात. शाळेच्या हजेरीचा प्रोग्राम, पाण्याच्या पाळीचा. एखादी आज्ञा अशी निघते की ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये कशी वागायची ते कोणालाच आठवत नाही, पुस्तकावर विश्वास नाही, आणि ज्याला विचारायचं त्याला कुलूप. मी त्यांना स्पष्ट सांगते, इथे अंदाज आहे. कंपनीनं ते कुलूप लावायच्या आधी एक खरं पुस्तक लिहून दिलं असतं तर तिचं काय जात होतं? जात होतं ना : गिऱ्हाइक. म्हणून नाही दिलं.

बारावा दिवस उजाडला. वहिनींनी जुनं सॉफ्टवेअर उघडलं, तर प्रोग्रामच्या जागी एक हसरी बाई आणि खाली बटण : 'भाडं भरा आणि पुढे चला.' वहिनींनी त्या बाईकडे बराच वेळ पाहिलं. बोलायचा हक्क मी मंगळवारीच गमावला होता.

त्यांनी खिडकी मिटली, आमचं उघडलं. बाराला निरोप गेले. सासूबाईंचा विश्वास नव्हताच. त्यांनी फोन उचलून एकेका घरी लावायला सुरुवात केली. "काय आलं वं तुले? ... पालक? बरं. ... अन् तुले काही नाई ना आलं? तुले नाईच यायचं होतं. ठेव." पाच घरं झाल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. हेच प्रमाणपत्र.

वहिनी मात्र माझ्याकडे वळल्या. "उद्या तू पुन्हा शहानी झाली अन् रविवार एक करून टाकला तं?"

"मी माझ्याकडे करीन. तुमच्या कॉम्प्युटरवरचं तुमच्या मर्जीशिवाय बदलत नाही."

"दाखव."

मी आत उघडून दाखवलं. वाराची आज्ञा, ती ओळ, शेजारची टीप. वहिनींनी खुर्ची पुढे ओढली, तो शून्य खोडून एक केला, प्रोग्राम चालवला, पडद्यावर चुकीची घरं आलेली पाहिली, आणि परत शून्य करून ठेवला. कोणाला न विचारता.

"अन् कंपनीले हे बदलता येते का आता?"

"नाही."

"तुले?"

"नाही."

"मंग ठीक हाय," वहिनी म्हणाल्या, आणि उद्याच्या घरांची यादी वाचायला लागल्या.